लाकूड बोलतं तेव्हा

कोसळलेल्या इमारतीत बचाव पथकातला सुतार छताच्या स्लॅबखाली पालथा पडून टेकू म्हणून लाकडी ठोकळ्यांची चळत रचत होता: दोन उभे, त्यांवर दोन आडवे. कमरेपर्यंत अडकलेल्या बाईनं त्याची बाही घट्ट धरली होती. "दादा, घरीही सगळं असंच नीट रचून ठेवता का?" "घरी बायको रचते, ताई. मी नुसता ठोकळा." ती हसली. तेवढ्यात लाकूड करकरलं. मोडण्याआधी लाकूड बोलतं, आणि ते बोललं की बाहेर पडायचं, हा पथकाचा नियम. "कसला आवाज?" तिनं विचारलं. "भार बसतोय." पुन्हा करकरलं, आता लांबलचक. बाहेरून प्रमुखाची शिट्टी वाजली. "एक पाचर घेऊन येतो, ताई. आलोच." पाचरींनी भरलेली पिशवी दोघांच्या मध्येच होती. तिनं पिशवीकडे पाहिलं, बाही सोडली आणि चुरगळलेलं कापड बोटांनी सरळ केलं. "सावकाश जा," ती म्हणाली.