पलीकडची शीळ

दादा वारला तेव्हापासून त्याच्या लिनक्सच्या कॉम्प्युटरवर इंटरनेट लागेना. घोडं कुठे पेंड खातंय, ते धाकट्याला कळेना. त्याने मोडेमचा पोर्ट तपासला, सेटिंगची फाइल पुन्हा लिहिली, फोनची वायर उपसून फुंकर मारली आणि वहिनीशी बोलण्याच्या नादात ती वायर परत न जोडताच डायल केलं.

मोडेमने शीळ घातली. पलीकडून उत्तराची शीळ आली.

"लागलं एकदाचं!" तो म्हणाला, आणि त्याला मांडीवर पडलेली वायर दिसली.

त्याने झटकन मोडेम बंद केला. इकडची शीळ थांबली. उत्तराची चालूच राहिली, दादाच्या कुलूप लावलेल्या खोलीतून.

वहिनीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हळू बोला, भावजी," ती कुजबुजली. "लाइन तुटलीय, हे त्यांना अजून कळलेलं नाही."