लिफ्टचं दार

"लंकाबाई चालत जाणार, तर मीही चालत जाणार," असं वॉचमनला सांगून सत्तरीच्या कुमुदकाकू आपल्या कामवालीबरोबर जिना चढू लागल्या. मोलकरणींना लिफ्ट बंद, अशी पाटी सोसायटीने त्याच सकाळी लावली होती.

चौथ्या मजल्यावर काकू छाती धरून पायरीवरच बसल्या. चेहरा पांढराफटक पडला. मागून आलेले सेक्रेटरी घाबरले. "काकू, तुम्हाला काही झालं तर?"

"तर पाटीखाली माझं नाव लिहा." काकू कठडा धरून पुन्हा उठल्या.

सेक्रेटरींनी धावत जाऊन लिफ्ट बोलावली. "या. दोघीही या!"

काकूंना आत नेऊन लंकाबाई दारातच उभी राहिली. "साहेब, बाकीच्या बाया जिन्यातच हायेत. त्यांना बोलवू?"

सेक्रेटरी जिन्याकडे बघू लागले.

"बोलव," काकू आतून धापा टाकत म्हणाल्या. "तोवर मी थांबते."