इथे शब्द पुरतो

"नाव?"

"टॉलिव्हर एम्स. एकाहत्तरची बॅच."

मारिसोलने लिहून घेतलं. नक्कल, खोटेपणा यांचा निवाडा करणाऱ्या, विद्यार्थ्यांच्या सन्मान मंडळाची ती यंदाची अध्यक्ष, वय एकवीस. शेजारी बसलेला बेकेट कुजबुजला, "ओळखपत्र बघायचं ना?"

"कॉलेजात आजच आलास का रे? इथे शब्द पुरतो."

म्हातारा हसला. "अजून पुरतो?"

"दीडशे वर्षं पुरलाय, सर. बोला."

खिडकीबाहेर तीच हिरवळ, तेच ओकचं झाड. म्हाताऱ्याने खुर्ची जरा तिकडे वळवली.

"आमच्या वेळी परीक्षेला कुणी पहारा देत नसे."

"आताही नसतो."

"पेपर घेऊन त्या ओकखाली बसलं तरी चाले. शेवटी एक ओळ लिहायची. मदत घेतली नाही, दिली नाही. झालं. एका खोलीत दोघं राहायचे. टॉलिव्हर एम्स आणि रॅन्सम पाइक. रॅन्सम दाढी करताना गायचा. इतका भसाडा, की मजल्यावरची पोरं दारावर बूट फेकायची."

मारिसोलला हसू आलं. त्यालाही.

"मग लॅटिनच्या पेपरात दोघांच्या चुका सारख्या निघाल्या. याच खोलीत मंडळ बसलं. मी नक्कल केली नाही, असं दोघंही म्हणाले. एकाचे वडील, आजोबा इथेच शिकलेले. दुसऱ्याची आई लोकांचे कपडे शिवायची. मंडळाने शिवणारणीच्या पोराला कॉलेजातून घालवलं."

"आणि नक्कल केली होती..."

"टॉलिव्हर एम्सने. असंच लिही, पोरी. पूर्ण नावाने."

बेकेटने पेन खाली ठेवलं.

तेव्हा, निकालाच्या दुसऱ्या सकाळी, घंटा एकदाच वाजली होती. घंटा झाली की काढून टाकलेल्याचं नाव पुन्हा घ्यायचं नाही, त्याच्याकडे पाहायचं नाही, ही रीत. त्या पोराच्या ट्रंकेला हात लावायला कुणी आलं नाही. जेवणघरातून मक्याच्या पावाचा वास येत होता. हिरवळीवर सगळी पोरं पाठ फिरवून उभी होती. म्हाताऱ्याला त्या पाठी एकेक आठवत होत्या. कुणाच्या कोटाची शिवण कुठे उसवली होती, तेसुद्धा.

"रॅन्समची आई शेवटपर्यंत म्हणायची, माझा मुलगा खोटं बोलत नाही."

"तुम्हाला कसं माहीत?" बेकेटचा आवाज तिखट झाला.

"मी तिच्या उशाशी होतो."

"तिथे बसलात, आणि तरी गप्प राहिलात? वा, सर!"



"बेकेट, पुरे," मारिसोल म्हणाली. "सर, नोंदवहीत तुमच्या नावावर लाल रेघ येईल. पदवी जाईल. पाइक यांच्या नावावरची रेघ निघेल. त्यांची पदवी त्यांना मिळेल, हयात असोत की नसोत. एकदा सही झाली की मागे फिरता येणार नाही."

"त्याचसाठी आलोय."

तिने कागद पुढे सरकवला. 'हे सर्व माझ्या शब्दावर' असं तळाशी छापलेलं होतं. पेन त्या ओळीखाली टेकलं आणि तिथेच राहिलं. मारिसोलने पाण्याचा ग्लास पुढे केला. त्याने तो घेतला नाही. मग सावकाश, एकेक अक्षर लावत, त्याने सही केली.

बेकेट जागचा उठला नाही. दारापर्यंत मारिसोलच आली.

"उशिरा का होईना, आलात," ती म्हणाली. "सोपं नसेल गेलं."

"नाही गेलं, पोरी."

पायऱ्यांखाली जुनी गाडी उभी होती. आत लुएला एम्स, काळ्या कपड्यांत, दोन्ही हातांनी स्टिअरिंगचं चाक धरून बसली होती. तो शेजारी बसेपर्यंत तिने दम धरला.

"माझ्या नवऱ्याच्या तोंडून मरेपर्यंत जे निघालं नाही," ती म्हणाली, "ते त्याच्या नावाने बोललास ना, रॅन्सम?"