पथ्य सोडवायला

"पथ्य तर मोडलं नव्हतं ना?"

रखमाजी गेल्याचं ऐकताच पुंजारामबुवा वैद्यांनी पहिला प्रश्न हाच केला. कधी गेला, कसा गेला, हे सगळं नंतर. रखमाजीच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, नुसती मान हलवली. नाही. या प्रश्नाची तिला आता सवय झाली होती. सुतकात दारी आलेल्या बायाबापड्यांनी, दिरानं, सासूनं, सगळ्यांनी आडून आडून तोच विचारला होता. आष्टीच्या बुवांचं औषध वाया जात नाही, हे पंचक्रोशीला ठाऊक. मग ते कुणाच्या हातानं वाया गेलं, एवढंच शोधायचं उरलं होतं.

बाजाराला आलेली माणसं बुवांच्या ओसरीवर आपापला नंबर धरून बसली होती. बुवांपुढं खल होता आणि वाळत घातलेली, सुजेवर देतात ती घेटुळीची मुळं. द्वारकाबाईच्या शेजारी तिची धाकटी जाऊ बसली होती, कौसल्या. तिनंच तिला ओढून आणलं होतं.

"बुवा, ह्या अजून अळणीच खाऊन राह्यल्या," कौसल्या म्हणाली. "तेरवीला सारं गाव जेवलं. ह्यांनी आपलं वरण येगळं काढलं, बिगर मिठाचं. आता अंगात त्राण न्हाई. निंदायला गेल्या की बांधावर बसून ऱ्हातात. कामून म्हणावं, तर म्हणतात बुवांनी सोडवलं न्हाई."

बुवा चपापले. हे त्यांच्या गावीही नव्हतं.

त्यांचं पथ्य कडक, पण सरळ असे. अंगावर सूज असेल त्यानं मीठ सोडायचं, लोणच्या-पापडाकडे बघायचंही नाही. ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, घेटुळीच्या पाल्याची भाजी, ताजं ताक. रांधणारीनंही त्याच भांड्यातलं खायचं, म्हणजे हात चुकत नाही. आणि पथ्य आपल्या मनानं सोडायचं नाही. बरा झालेला माणूस ओसरीवर यायचा, बुवा त्याच्या तळहातावर चिमूटभर मीठ ठेवायचे, "सुटलं, सुखानं खा" म्हणायचे, तेव्हा ते सुटायचं. "औषध माझं, पथ्य तुमचं," असं ते येईल त्याला बजावत. दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता रखमाजी सुजला, तेव्हा त्यालाही बजावलं होतं. माणूसच गेला तर रांधणारीचं पथ्य कुणी सोडवायचं, हे मात्र ते कधी बोलले नव्हते. कुणी विचारलंही नव्हतं.

"अगं, तो गेला तवाच सुटलं की तुझं," बुवा म्हणाले.

"तुम्ही म्हणला न्हाईत."

द्वारकाबाईच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिच्या आवाजात काहीच नव्हतं. रखमाजी गेल्यापासून तिला कशाचं काही वाटेनासंच झालं होतं. बायांनी गळ्यात पडून तिला रडवायचा प्रयत्न केला, तर हीच त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसली. भूक लागली की खायची, दमली की निजायची. अळणी वरण तिला वाईट लागत नव्हतं आणि चांगलंही लागत नव्हतं. एक गोष्ट तेवढी आत अडकून बसली होती, आणि ती बुवांपुढं काढल्याशिवाय निघणार नव्हती. म्हणून तर ती कौसल्याच्या मागं मुकाट आली होती.

"एक सांगते," ती म्हणाली. "शेवटी शेवटी त्येन्ला जेवण जाईना. एका सकाळी मला म्हणले, लोणच्याची एक फोड दे, नुसती जिभेला लावतो. हात जोडले माझ्यापुढं. मी न्हाई दिली. बरणीच उचलली आन् हिच्या घरात नेऊन ठेवली. सांजच्याला गेले."

कौसल्यानं खाली बघितलं. बरणी अजून तिच्याच घरात होती.

बुवांनी खलातला बत्ता बाजूला ठेवला. मग म्हणाले, "बराबर केलंस. बिलकुल बराबर. असं पथ्य पाळलेलं मी कुठं बघितलं न्हाई. गावात कुणी बोललं तर माझं नाव सांग. म्हणावं, पुंजाराम म्हणला, द्वारकाच्या हातून तसूभर चूक झाली न्हाई."

कौसल्याचा जीव भांड्यात पडला. आता सासूचं तोंड बंद होईल, जावेच्या कपाळचा डाग जाईल, या आशेनंच ती इतक्या लांब आली होती. तिला रडूच फुटलं.

बुवांनी मीठ घेऊन द्वारकाबाईच्या तळहातावर ठेवलं. "सुटलं. सुखानं खा."

तिनं ते जिभेवर टाकलं. कितीतरी महिन्यांनी तोंडाला पाणी सुटलं. जीभ आपली नसून दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी तिला वाटली. तिनं मीठ गिळून टाकलं.

कौसल्यानं डोळे पुसले, पिशवी उचलली. रांगेतला एक म्हातारा पुढं सरकला आणि त्यानं आपला सुजलेला पाय बुवांपुढं केला.

"चला बाई, परतूरची गाडी जाईल," कौसल्या म्हणाली.

द्वारकाबाई उठली नाही.

"बुवा, माझी चूक न्हाई," ती म्हणाली. मग, गाडी कधी आहे असं विचारावं तितक्याच साध्या आवाजात तिनं विचारलं, "मंग मालक गेले कशानं?"

बुवांनी खल पुढं ओढला. म्हाताऱ्यानं पुढं केलेला पाय हळूच मागं घेतला.