दुसरी होडी

साहेबांनी ओले बूट काढून खिडकीखाली वाळत ठेवले, मोजे पिळले आणि मगच सुनावणीला सुरुवात झाली. वेळ अकराची दिली होती. घड्याळात सव्वाबारा वाजून गेले होते. उशीर का झाला हे कुणी कुणाला विचारलं नाही, कारण साहेब, अर्जदार आणि हरकतदार तिघंही एकाच होडीतून आले होते. नदीवर होडीच एक होती.

अर्जदार म्हणजे मिस्त्री. जन्मभर लोकांची दारं-खिडक्या करून झाल्यावर दोन वर्षं खपून त्याने स्वतःसाठी एक होडी बांधली होती. ती अंगणात उभी होती. परवान्याशिवाय पाण्यात सोडली तर जप्त होणार आणि पाणी लागलं नाही तर फळ्या सुकून सांधे उघडणार. ही तिसरी सुनावणी. पहिल्या सुनावणीच्या वेळी सांध्यात नख जात नव्हतं, आता काडी आरपार जायची. तो सकाळ-संध्याकाळ तिच्यावर ओली पोती टाकायचा. “स्वतःच्या पोरांना कधी अंघोळ घातली नाहीत,” असं बायको म्हणायची आणि दुसरी बादली भरून आणायची.

हरकतदार अण्णा. चालू होडीचे मालक. दोन खुर्च्या असूनही दोन्हींवर तेच बसल्यासारखे वाटत होते.

“पूर्वी हा अर्ज सात पानी होता,” साहेब म्हणाले. “सरकारनं सुधारणा केली. आता एकच पान.”

त्या एका पानावर एकच प्रश्न उरला होता: सध्याच्या परवानाधारकाची हरकत आहे काय?

“आहे,” अण्णा म्हणाले. “मिस्त्रीशी माझं काही वाकडं नाही. पण दुसऱ्या होडीची गरजच काय? आजवर एक माणूस काठावर राहिलेला नाही.”

“राहत नाही हो, ताटकळतो!” मिस्त्री म्हणाला.

“हरकत आली की गरज सिद्ध करावी लागते,” साहेब म्हणाले. “लोकांच्या लेखी तक्रारी आहेत का?”

अण्णांनी पिशवीतून तक्रारवही काढून टेबलावर ठेवली. एरवी ती होडीत, त्यांच्याच बैठकीखाली असायची. मागायची तर आधी अण्णांना उठवावं लागे. नऊ वर्षांची वही, आणि पान न् पान कोरं.

मिस्त्रीचा धीर सुटला. “साहेब, मग तुम्हीच लिहा. सव्वा तास तुम्ही माझ्या शेजारी पलीकडच्या धक्क्यावर उभे होता. इकडे होडी भरेपर्यंत अण्णा या काठावरून हललेच नाहीत. उतरायला फळी नाही, म्हणून तुमचे बूट भिजले. ‘काय हा रोजचा वैताग’ असं तुम्हीच म्हणालात की!”

साहेब मनाने भले होते. त्यांनी खरंच पेन काढलं, टोपण उघडलं, वही जवळ ओढली. तीन सुनावण्यांत इथवर गोष्ट कधी आली नव्हती.

“लिहा की साहेब,” अण्णा अगदी मायेने म्हणाले. “तुमचा हक्कच आहे. परतीची होडी सहाची, लक्षात आहे ना? कधी उशीर झाला तरी तुमच्यासाठी मी थांबतो. नेहमीच थांबतो.”

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांचं घर पलीकडच्या काठावर होतं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, साहेबांना तर ते पाणी रोज दोनदा ओलांडायचं होतं. टोपण पुन्हा पेनावर बसलं.

“माझी गैरसोय हा पुरावा धरता येत नाही,” मिस्त्रीकडे न बघता ते म्हणाले आणि अर्जावर लिहिलं: गरज सिद्ध झाली नाही. सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करता येईल.

सहा महिन्यांत होडीची चाळण होणार होती. मिस्त्रीला रडू आलं आणि रडू आल्याचा रागही आला.

घरी जायचं तर त्याच होडीत बसणं भाग होतं. संध्याकाळी अण्णांनीच हात देऊन त्याला वर घेतलं. साहेब पुढच्या टोकाला सगळ्यांकडे पाठ करून बसले होते. गडी वल्ही मारत होते. होडी नदीच्या मध्यावर आली तेव्हा अण्णा त्याच्याजवळ सरकले.

“मिस्त्री, काम झकास केलंयस तू. मी बघून आलोय. विकतोस का मला? माझ्या परवान्यावर दुसरी ठेवता येते. सुनावणी-बिनावणी काही लागत नाही.”

मिस्त्रीने झटकन वर पाहिलं. “पाण्यात सोडाल?”

“उद्याच.”

“आणि चालवाल?”

अण्णांना हसू आलं. त्यात खोट काही नव्हती, गंमतच वाटली त्यांना. “गरज नाही हे आजच ठरलं ना, बाबा? धक्क्याला बांधून ठेवीन. ओली राहील, टिकेल. आणखी काय पाहिजे तुला?”

उठून जावं म्हटलं तर चहूकडे नदी. मिस्त्री खाली मान घालून फळ्यांचा विचार करत राहिला. पाण्यात गेल्या की दोन दिवसांत फुगतील, सांधे आपोआप मिटतील. काठ जवळ आला. गड्यांनी वल्ही आत घेतली.

“दोर तुमच्याकडे आहे,” त्याने विचारलं, “की मी आणू?”