मिटलेली मूठ

चुलीत विळा लाल होत आला होता. भाऊराव भगत अंगणात घोंगडीवर बसून बिडी ओढत होता. जनकाबाई दाराला पाठ लावून उभी होती.

"मी डाग घेणार नाही."

तिचा डावा हात कोपराखालून गेला होता. महाराष्ट्र राज्य झालं त्या साली मलकापूरच्या एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस सारताना यंत्रानं तो ओढून नेला. तेव्हा मुठीत कापूस होता. जखम भरली, पण मूठ काही सुटली नाही. नखं तळव्यात रुततात, बोटं पिळतात, असं ती सांगे. देवळात कीर्तनाला टाळ्यांचा गजर सुरू झाला की कळ थेट मस्तकात जाई. कुठला तळवा अन् कुठली बोटं? गाव आधी हसलं, मग घाबरलं. नसलेला हात दुखतो म्हणजे त्याला कुणीतरी धरून बसलंय, असं भगतानं सांगितलं. उरलेल्या टोकाला डाग दिला की ते सोडेल.

"जनके, बुवांनी काल कीर्तनात काय सांगतलं?" सासू सोजराबाई कळवळून म्हणाली. "देह नाशवंत हाये. गेलेल्या हातासाठी काऊन रडतं माय?"

"त्याच बुवांनी हेबी सांगतलं, का पांडुरंग डोयाले दिसत नाही तरी हाये. तवा साऱ्यांनी माना डोलावल्या. मंग माहा हात दिसत नाही, तर लगेच भूत झाला काय?"

सोजराबाईनं डोळ्यांना पदर लावला. सुनेच्या विव्हळण्यानं तिचीही झोप उडाली होती.

आता फक्त बांगड्यांसाठी सारं थांबलं होतं. कळ असह्य होऊन जनकाबाईनं उजवा हात भिंतीवर आपटला होता, त्यात हातातल्या बांगड्या फुटल्या. आणि सवाष्णीच्या रिकाम्या मनगटासमोर तापलेलं लोखंड आणायचं नाही, हा भगताचाच नेम. म्हणून खुर्शीदा बांगडीवालीला निरोप गेला होता.

खुर्शीदा आली. तिनं पेटी उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा होता. झाकण जनकाबाईच्या दोन हातांच्या मधोमध, आरसा उजवीकडं करून उभं राहिलं. जनकाबाईनं सवयीनं थोटा हात त्याच्या मागं दडवला आणि उजवा पुढं केला.

खुर्शीदा बोटं दाबून हात मऊ करू लागली. "मुठ्ठी कायले आवळून राह्यली, बेटी? ढिला सोड हात. अशानं चुडी कशी चढन?"

जनकाबाईनं मान वळवली. आरशात उजव्याचं प्रतिबिंब पडलं होतं, पण तिथं दिसत होता डावा हात. तिचाच. खुर्शीदा त्याची बोटं दाबत होती, एकेक बोट उलगडत होती.



"खुर्शीदाबी, थांबू नका. अजून दाबा."

करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. रुतलेली नखं मांसातून निघाली. कितीतरी दिवसांनी तळव्याला वारा लागला. आरशावरची नजर न हलवता जनकाबाई रडू लागली, आणि रडता रडता हसली.

"काय झालं वं?" सोजराबाई धावली.

"दुखणं थांबलं."

भगत ताडकन उठला. "पाह्यलं? इळा तापलेला पाहूनच पयालं ते!"

सोजराबाईनं वर बघून हात जोडले. "गेला रे बाप्पा! गेला एकदाचा तो हात!"

जनकाबाईनं झाकणामागचा थोटा हात सगळ्यांच्या देखत वर उचलला. त्यावर पदर ओढला नाही.

"गेला नाही, आत्याबाई. मोकळा झाला."