शेवटचा किल्ला

स्वप्नीलमामाने आईचा लहानपणीचा व्हिडिओ गेम टीव्हीला जोडला, तेव्हा मोबाइलवर अख्ख्या देवपूरला हरवणारी नूपुर पोट धरून हसली. "मामा, हा चौकोनी ठोकळा म्हणजे हिरो?" आईने कॅसेटमध्ये फुंकर मारली आणि रिमोट हातात घेतला. तिचे अंगठे असे धावले, की नूपुरच्या हातातला पापड तोंडापर्यंत पोचलाच नाही. "शेवटचा किल्ला मी अजून पाहिलेला नाही," आई म्हणाली. "दरवेळी ऐन पुलावर लोडशेडिंग व्हायचं, मग पुन्हा पहिल्यापासून." ठोकळा पुलावर चढला आणि नेमकी लाईट गेली. सवयीने आईने रिमोट खाली ठेवून डोळे मिटले. नूपुरने तो पुन्हा तिच्या हातात कोंबला. "आई, आता इन्व्हर्टर आहे. खेळ." किल्ल्याचं चार रंगांचं ओबडधोबड दार उघडलं. एवढं सुंदर काही नूपुरने महागड्या गेममध्येसुद्धा कधी पाहिलं नव्हतं.